पोलीस शिबिरातील मुलांना ठाणे अंमलदाराच्या टेबलापर्यंत न्यायला हवे

उन्हाळ्याची सुट्टी लागली की आपल्याकडे अनेक ठिकाणी पोलीस मुख्यालयाच्या मैदानावर शाळकरी मुलांची शिबिरे भरतात. सकाळी पी.टी. आणि कवायत, नाश्त्यानंतर शस्त्रांचे प्रदर्शन, मग श्वान पथकाचे प्रात्यक्षिक, दुपारी एखाद्या अधिकाऱ्याचे स्पर्धा परीक्षांविषयी व्याख्यान आणि शेवटच्या दिवशी प्रमाणपत्र, असा त्यांचा साधारण क्रम असतो. मी माध्यमिक शाळेत शिकवते, आठवी-नववीच्या मुलांना घेऊन अशा शिबिरांना जात आले आहे आणि पोलीस लाईनमध्ये वाढलेली हवालदाराची मुलगी असल्यामुळे या विषयाबद्दल मला मनापासून आस्था आहे. म्हणून एक गोष्ट स्पष्टपणे मांडते. या शिबिरांत मुलांना पोलिसांचे बळ पाहायला मिळते, पण पोलिसांचे रोजचे काम फारसे पाहायला मिळत नाही. पुढे या खात्यात जायचे की नाही याचा विचार ज्या वयात मनात रुजतो, त्या वयात त्यांना हे काम जवळून दिसले पाहिजे.

ग्रामीण भागातील मुलांना खात्याची पहिली ओळख होते ती भरतीमुळे. पहाटे अंधारात रस्त्याच्या कडेने पळणारी पोरे-पोरी आपण सगळेच पाहतो. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, दोघांनाही १०० मीटर धावणे आणि गोळाफेक, असे ५० गुणांचे मैदान आणि त्यानंतर १०० गुणांची लेखी परीक्षा, हे गणित त्यांना तोंडपाठ असते. २०२४ मध्ये राज्यात १७,४७१ जागांसाठी १७ लाखांहून अधिक अर्ज आले होते, म्हणजे एका जागेमागे साधारण शंभर उमेदवार. इतक्या चुरशीत उतरण्यासाठी ही मुले दोन-दोन, तीन-तीन वर्षे घालवतात, घरचे लोक शेतीच्या उत्पन्नातून अकादमीची फी भरतात, आणि तरीही निवड झाल्यावर जे काम तीस-पस्तीस वर्षे करायचे ते प्रत्यक्षात कसे असते, हे त्यांना कुणीही सांगितलेले नसते. शिबिरातही तेच राहून जात असेल तर शिबिराचा उपयोग काय?

पोलीस ठाणे चालते ते लिहिण्यावर आणि ऐकून घेण्यावर. ठाणे अंमलदार येणाऱ्याचे म्हणणे ऐकतो आणि स्टेशन डायरीत नोंद करतो, मुद्देमाल कारकून जप्त वस्तूंचा हिशेब ठेवतो, बीट अंमलदार गावोगावच्या पोलीस पाटलांशी संपर्क ठेवतो, कोणी समन्स बजावायला जातो, कोणी आरोपीला न्यायालयात हजर करायला, तर कोणी बेवारस मृतदेहाची ओळख पटवण्याच्या खटपटीत असतो. यातले काहीही मैदानावर मांडून दाखवता येत नाही. त्यासाठी मुलांना ठाण्यातच बसवावे लागते.

एका शिबिरात मी हे घडताना पाहिले. पावसामुळे मैदानावरचा कार्यक्रम रद्द झाला आणि एका अनुभवी हवालदारांवर मुलांना गुंतवून ठेवण्याची जबाबदारी आली. त्यांनी प्रत्येकाला कोरा कागद दिला आणि सांगितले, "तुमची सायकल चोरीला गेली आहे, मला तक्रार लिहून द्या." बहुतेक मुलांनी दोन-तीन ओळींत काम संपवले. मग हवालदार एकेकाचा कागद हातात घेऊन शांतपणे विचारू लागले. सायकल कुठून गेली? तुम्ही ती तिथे किती वाजता लावली होती, आणि नाही हे केव्हा लक्षात आले? कुलूप होते का? रंग कोणता, फ्रेमवरचा नंबर काय? त्यांनी पहिल्या खबरेचा (एफआयआरचा) छापील नमुना दाखवला, त्यात घटनास्थळाची पोलीस ठाण्यापासूनची दिशा आणि अंतर लिहिण्याचा रकाना असतो. आमच्या वर्गातील एक हुशार मुलगा, ज्याला भूगोलात नेहमी चांगले गुण मिळतात, त्याला आपली शाळा ठाण्याच्या कोणत्या दिशेला आहे हे सांगता आले नाही. "अरे बाळा, उद्या कोर्टात वकील हेच विचारणार," असे म्हणून हवालदारांनी त्याला व्हरांड्यात नेले आणि दिशा समजावून सांगितली.

त्यानंतर त्यांनी त्याच व्हरांड्याचा पंचनामा लिहायला लावला. चतुःसीमा कशी लिहायची, पूर्वेस काय, पश्चिमेस काय, वस्तू जशी दिसते तशीच लिहायची, 'रक्ताचे डाग' असे न लिहिता 'रक्तासारखे दिसणारे लालसर डाग' असे का लिहायचे, हे त्यांनी ज्या बारकाईने शिकवले, ते पाहताना भाषेची शिक्षिका म्हणून मी थक्क झाले. आमची मुले निबंधात हवे ते लिहून मोकळी होतात, पण इथे मात्र दिसले तेवढेच आणि जसे दिसले तसेच लिहायचे होते. बंदूक हातात धरून फोटो काढताना मुले जितकी खूश होती तितकीच या तासात ती गंभीर होती, आणि परतीच्या प्रवासात बोलणे चालले होते ते या तासाविषयीच.

याच शिबिरात एका मुलाने विचारले की गुन्हेगार खरे बोलावा म्हणून त्याला कसे मारतात. प्रश्नात खोडसाळपणा नव्हता, पडद्यावर जे पाहिले त्यावरून त्याला पोलिसांचे काम म्हणजे हेच वाटत होते. एरवी अशा वेळी मोठी माणसे हसून विषय बदलतात. तिथल्या अधिकाऱ्यांनी तसे केले नाही. पोलिसांसमोर दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून सिद्ध करता येत नाही, पूर्वी पुरावा कायद्याच्या कलम २५ मध्ये आणि आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम २३ मध्ये तशी तरतूद आहे, अटक केलेल्या व्यक्तीला चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यासमोर हजर करावे लागते आणि हा नियम थेट राज्यघटनेच्या अनुच्छेद २२ मध्ये आहे, हे त्यांनी मुलांना झेपेल अशा भाषेत सांगितले. मारून गुन्हा उलगडत नाही, त्यासाठी पुरावा गोळा करावा लागतो, हे गणवेशातल्या माणसाच्या तोंडून ऐकण्याचे मोल फार मोठे आहे. नागरिकशास्त्राच्या तासाला मी हेच सांगते तेव्हा मुले ते परीक्षेपुरते लिहून घेतात.

मुलींना सर्वांत नवलाची वाटलेली गोष्ट वेगळीच होती. बालकांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या पॉक्सो कायद्याच्या कलम २४ नुसार पीडित बालकाचा जबाब नोंदवताना पोलीस अधिकारी गणवेशात नसावा, जबाब शक्यतो उपनिरीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाच्या महिला अधिकाऱ्याने घ्यावा, तो बालकाच्या घरी किंवा बालकाला हव्या त्या ठिकाणी घ्यावा, आणि कोणत्याही कारणासाठी बालकाला रात्री पोलीस ठाण्यात ठेवू नये. ज्या खाकीसाठी या मुली पहाटे धावायला सुरुवात करणार आहेत, ती खाकी कधी उतरवून ठेवायची हेही कायद्याने सांगितले आहे, हे त्यांनी पहिल्यांदाच ऐकले. त्यातल्या एकीने मला नंतर येऊन विचारले की असा जबाब घेणारी अधिकारी व्हायला काय शिकावे लागते. धावण्याच्या वेळेखेरीज पोलीस खात्याविषयी एखाद्या मुलीने विचारलेला असा प्रश्न मी त्याआधी ऐकला नव्हता.

शौर्यकथा सांगू नयेत असे माझे म्हणणे नाही. तुकाराम ओंबळे यांची कथा प्रत्येक शिबिरात सांगितली जाते आणि ती सांगितलीच पाहिजे. फक्त ती सांगताना २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीजवळ ते कशासाठी उभे होते हेही सांगावे. ते सहायक उपनिरीक्षक होते, नाकाबंदीवर होते, आणि हातात लाठी होती. नाकाबंदी हे पोलिसांच्या कामातील अगदी रोजचे, कंटाळवाणे वाटणारे काम आहे. गाडी थांबवायची, आत पाहायचे, सोडायची, पुन्हा पुढची थांबवायची. ते काम त्या रात्री नेटाने केले गेले म्हणून दहशतवाद्यांची गाडी अडली, आणि ओंबळे यांनी प्राण देऊन बंदूक धरून ठेवली म्हणून कसाब जिवंत सापडला. मुलांना शेवटचा क्षण माहीत असतो. त्याआधीच्या कामाबद्दल मात्र त्यांच्याशी कुणी बोलत नाही.

आता एका अवघड गोष्टीविषयी. आमच्या शाळेत पारधी वस्तीवरची काही मुले येतात. शिबिरासाठी नावे मागितली तेव्हा त्यांच्यापैकी कोणीही हात वर केला नाही, आणि एका मुलीच्या आईने मला सरळ विचारले, "बाई, पोलिसांकडं पोरीला कशापायी नेता?" या प्रश्नामागे दीडशे वर्षांचा इतिहास आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने संपूर्ण जमातींवर जन्मतः गुन्हेगारीचा शिक्का मारला, ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा रद्द झाला, पण संशय संपला नाही आणि रात्री वस्तीवर गाडी आली की पळायचे ही सवयही संपली नाही. ती मुलगी शेवटी आली. पहिला दिवस ती सर्वांत मागे बसून होती. सायकलीच्या तक्रारीच्या तासाला मात्र तिने हवालदारांना विचारले की आमच्यापैकी कोणी तक्रार द्यायला आले तर तुम्ही लिहून घेता का. हवालदारांनी "घ्यावीच लागते, आणि तिची प्रतही फुकट द्यावी लागते" असे उत्तर दिले व फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेतील कलम १७३ काढून तिच्याकडूनच मोठ्याने वाचून घेतले. ज्या मुलांना पोलिसांची भीती वाटते त्यांना शिबिरात आधी जागा मिळाली पाहिजे, असे मी आग्रहाने म्हणते ते यामुळे. कडक इस्त्रीच्या कपड्यांत रांगेत उभ्या राहणाऱ्या, आधीच आत्मविश्वास असलेल्या मुलांनाच निवडून नेले तर ज्यांच्यासाठी ही ओळख सर्वांत गरजेची आहे तेच बाहेर राहतात.

हे सारे करण्यासाठी नवी योजना काढण्याची गरज नाही. केरळमध्ये २०१० साली स्टुडंट पोलीस कॅडेट हा उपक्रम सुरू झाला आणि २१ जुलै २०१८ रोजी गुरुग्राममध्ये त्याची राष्ट्रीय पातळीवर सुरुवात झाली. आठवी आणि नववीच्या मुलांसाठी असलेल्या या उपक्रमात पाठ्यपुस्तक नाही, परीक्षा नाही, महिन्यातून एक तास अपेक्षित आहे, आणि गुन्हे प्रतिबंधाबरोबर मूल्ये व नीतिमत्ता हा त्याचा दुसरा भाग आहे. सहानुभूती, संयम, सहिष्णुता हे विषय त्यात लिहूनच ठेवले आहेत. कागदावर इतकी चांगली असलेली योजना मैदानावर येताना केवळ कवायत होऊन राहते, हे मला खटकते. एका ठिकाणी तर मुलांचे दोन गट करून एका गटाला जमाव केले आणि दुसऱ्याच्या हातात लाठ्या दिल्या. मुलांना मजा वाटली, टाळ्याही पडल्या. जमावातली माणसे रस्त्यावर का आली असतील याविषयी मात्र एक वाक्यही बोलले गेले नाही. चौदा वर्षांच्या मुलाच्या हातात लाठी देण्याआधी त्याला एवढे तरी विचारायला लावले पाहिजे होते.

पोलीस शिपाई आणि उपनिरीक्षक याखेरीज कायद्याच्या कामात कितीतरी वाटा आहेत, त्याही शिबिरातच कळाव्यात. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या याच नागरिक सुरक्षा संहितेत सात वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञांनी घटनास्थळी जाण्याची तरतूद आहे, त्यामुळे विज्ञानाची आवड असलेल्या मुलांना प्रयोगशाळेची वाट खुणावू शकते. सरकारी वकील आहेत, तुरुंगाऐवजी चांगल्या वर्तनाच्या अटीवर सोडलेल्यांवर देखरेख ठेवणारे परिविक्षा अधिकारी आहेत, कारागृह, वनविभाग आणि उत्पादन शुल्क विभाग आहेत, ११२ वर आलेला फोन उचलून घाबरलेल्या माणसाकडून पत्ता काढून घेणारे कर्मचारी आहेत. ज्या मुलाची उंची १६५ सेंटीमीटर भरणार नाही त्याला 'तुझे काही खरे नाही' असे सांगून परत पाठवण्यापेक्षा या वाटा दाखवणे केव्हाही बरे.

आणि घरची बाजूही सांगावी. माझ्या लहानपणी गणपतीत आणि दिवाळीत वडील घरी असल्याचे मला फारसे आठवत नाही, ते बंदोबस्तावर असत आणि आई आमच्याबरोबर शेजारच्या दोन-तीन घरांचा फराळ करत असे, कारण त्या घरांतले पुरुषही बंदोबस्तावरच असत. २०१६ मध्ये मुंबईतील देवनार पोलीस ठाण्यात आठ तासांच्या ड्युटीचा प्रयोग सुरू झाला, त्यामागची कल्पना एका पोलीस शिपायाने मांडली होती. हे मी मुलांना मुद्दाम सांगते, कारण त्यातून कामाचा ताणही कळतो आणि खालच्या पदावरचा माणूसही खात्यात बदल सुचवू शकतो हेही कळते. ताण लपवून दाखवलेले चित्र पाहून आलेली मुले पुढे खात्यात टिकतात, पण कुढत राहतात, हे मी पोलीस लाईनमध्ये पाहिले आहे.

माझी मागणी साधी आहे. शिबिरातील अर्धा वेळ ठाण्यात जावा, तोही कोणाचाही जबाब चालू नसताना आणि कोणाही आरोपीकडे मुलांनी बोट दाखवू नये एवढी काळजी घेऊन. एक तास तक्रार लिहिण्याचा, एक पंचनाम्याचा, एक अटक झालेल्या माणसाच्या हक्कांचा आणि एक दुपार न्यायालयात असावी. न्यायालयांच्या उन्हाळी सुट्टीचे वेळापत्रक पाहता हे एप्रिलच्या अखेरीस, वार्षिक परीक्षा संपताच, जमते. शिकवायला मोठे पाहुणे नकोत, वीस-पंचवीस वर्षे सेवा झालेले हवालदार आणि सहायक उपनिरीक्षक पुरेसे आहेत. आमच्या शाळेचा असा प्रस्ताव जूनमध्ये मुख्याध्यापकांमार्फत पाठवायचा आहे. ज्या शिक्षकांनी किंवा पोलीस बांधव-भगिनींनी असे काही आधी केले असेल त्यांनी आपले वेळापत्रक आणि आलेल्या अडचणी इथे लिहाव्यात, म्हणजे प्रस्तावात त्यांचा समावेश करता येईल.