गाडी मागून मोकळी केली त्याची गोष्ट

करूळ घाटात एसटीनं मला मागं टाकलं, तिथून हे सगळं सुरू झालं. साधी लाल एसटी, तीही गच्च भरलेली. मागच्या खिडकीतलं एक पोरगं मला टाटा करत होतं. मी कोल्हापुरातनं गूळ खाली कोकणात नेतो आणि येताना जांभ्याचा चिरा भरून आणतो, त्यामुळं उतरताना माझी पिकअप पाखरासारखी आणि चढताना लेकुरवाळीसारखी. दुसरा गिअर, पाय तळाला टेकलेला, आणि वेग असा की शेजारून चालणाऱ्याला गप्पा मारता याव्यात.

ही गोष्ट मार्केट यार्डात सांगायला नको होती. कोल्हापुरात तुम्ही गुडघा दुखतो म्हणालात तर लोक डॉक्टर सुचवतात. गाडी दुखते म्हणालात तर स्वतःच ऑपरेशनला उभे राहतात. गुळाच्या रव्यांवर बसून एकानं निदान केलं, "भावा, कंपनी जाळ्या घालून गाडीचा गळा दाबती. मागनं मोकळी कर. मग कोण नाद करतंय बघू."

यात थोडं तथ्य होतं, तेच वाईट झालं. इंजिनात हवा कोंबणाऱ्या टर्बोचा पंखा धूरच फिरवतो. धुराची पुढची वाट मोकळी असली की पंखा लवकर वेग धरतो आणि इंजिनात हवा लवकर भरते, इथवर खरं. पण नुसत्या हवेवर कुणाचं पोट भरलंय? तितकं डिझेलही वाढायला हवं, आणि ते किती सोडायचं हे इंजिनचा कॉम्प्युटर ठरवतो. मागं पाईप बदललाय हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. हे शहाणपण मला सहा हजार गेल्यावर आलं.

शिवाजी उद्यमनगरातले मेस्त्री गाडीखाली सरकले, बॅटरी मारली, बाहेर आले.

"पाईप केवढा पायजे?"

"मोठा."

"मोठा म्हंजे?"

मी बोटं गोल करून दाखवली, भरायची वांगी निवडताना करतात तशी. दोनच्या जागी अडीच इंची ठरला. पाईप तसाच वाकवला तर चपटा होतो, म्हणून आधी आत वाळू ठासतात, दोन्ही तोंडांना लाकडी बूच मारतात आणि मग गॅसच्या जाळावर लाल करून वाकवतात. वाळू ठणठणीत कोरडी लागते. ओल राहिली तर वाफ धरून बूच गोळीसारखं सुटतं. मेस्त्र्यांनी ती पत्र्यावर भाजून घेतली, शेंगदाणे भाजावेत तशी, हलवत हलवत. इतक्या मायेनं चुकीचं काम होताना मी तरी दुसरं पाहिलं नाही. जुना सायलेन्सर, धूर साफ करणाऱ्या जाळीसकट, कापून माझ्या हातात देत ते म्हणाले, "तुम्ही म्हणालासा म्हणून काढला. मागनं आमाला बोलायचं न्हाई."

चावी फिरवली आणि शेजारच्या लेथवरचा पोरगा मशीन बंद करून बाहेर आला. त्याला वाटलं, त्याचंच काही तुटलं.

रस्त्यावर तर गंमतच. एका ठरावीक वेगाला केबिन अशी घुमायची की दाढा एकमेकींशी बोलू लागायच्या. डॅशबोर्डवर चिकटवलेल्या गणपतीनं तावडे हॉटेल येईपर्यंत हळूहळू माझ्याकडं पाठ फिरवली. घरी मात्र सोय झाली. बायको म्हणाली, "आता फोन करत बसू नका. तुम्ही नाक्यावर आलासा की हितं ऐकू येतंय, तवाच मी चहा ठेवतो."

आणि घाट? घाटात तोच दुसरा गिअर, तीच चाल, बहुधा एसटीही तीच. फरक एवढाच की या खेपेला खिडकीतल्या पोरानं टाटा केला नाही. त्याची दोन्ही बोटं कानात होती.

दिवाळी पंधरा दिवसांवर आली होती. बाहेरगावच्यांसाठी सांगतो, आमच्याकडं पाडव्याला म्हशी नटतात, शिंगं रंगवून घेतात आणि मालकाच्या दुचाकीमागं पळतात. दुचाकीचा सायलेन्सर काढलेला असतो. त्या आवाजावर म्हैस तयार केलेली असते. मला हे लहानपणापासून माहीत आहे. पण कसबा बावड्याच्या रस्त्याला आरशात काळी, धिप्पाड, शेपूट वर केलेली म्हैस दिसली तेव्हा ते आठवायला वेळ लागला. मी वेग वाढवला. आवाज वाढला. तिला चेवच आला. शेवटी थांबलो, तर तीही थांबली आणि गरम पाईप हुंगून, मान झटकून, विश्वासानं तिथंच उभी राहिली. मागून मालक दुचाकीवर धापा टाकत आला, जणू त्यानंच गाडी ढकलत आणली होती.

"पावणं, आदी ती गाडी बंद करा! दोन म्हैने झालं शिकवाय लागलोय तिला!"

गर्दी जमली, म्हणून वाहतूक हवालदार आले. त्यांनी म्हशीला काही विचारलं नाही. सायलेन्सर कुठाय, हा प्रश्न मलाच. आवाजाच्या या गुन्ह्याला कायद्यात दहा हजारांपर्यंत दंड लिहिलाय, हे त्यांनी सावकाश, गर्दीतल्या सगळ्यांना कळेल असं सांगितलं. मग पीयूसी मागितली. ती चार महिन्यांपूर्वी संपली होती.

पीयूसीवाल्या पोरानं पाईपात नळी घातली, मला रेस करायला लावलं. माझ्या गाडीला धुराची मर्यादा ५०. आकडा ती ओलांडून पुढं गेला. पोरगं धुराकडं बघत म्हणालं, "लईच काळा. डिझेल जळंना झालंय, हवा कमी पडतीया." त्यानं बोनेट उघडलं, एअर फिल्टर काढून फरशीवर आपटला. गुऱ्हाळाच्या अंगणात रोज तासभर गाडी उभी करण्याचा हिशेब समोर पडला: चिपाडाचा भुसा, पाचटाच्या काड्या, राखेचा थर. ओंजळभर.

"काका, हिचं नाक चोंदलंय," ते म्हणालं, "आणि तुमी इलाज भलतीकडनंच केलायसा."

काही शे रुपयांचा नवा फिल्टर बसला आणि पुढच्या खेपेला घाटात तिसरा गिअर पडला. आता जुना सायलेन्सर परत जोडायचा, एवढंच राहिलं होतं.

"तो होय? भंगारवाल्याला घातला की," बायको म्हणाली. "दोनशे सत्तर आले."

त्या जाळीवर प्लॅटिनम-पॅलेडियमचा मुलामा असतो. गेली लोखंडाच्या भावात. नवा सायलेन्सर जाळीसकट केवढ्याला पडला ते मी घरी सांगितलेलं नाही, इथंही लिहीत नाही.

तो बसवून गाडी गप्प झाली, तर पाडव्याच्या आदल्या सकाळी म्हशीचा मालक दारात. चहा घेतला, इकडंतिकडं बघितलं, आणि भिंतीला टेकवलेल्या माझ्या अडीच इंची पाईपावर त्याची नजर थांबली.

"तेवढा पाईप द्या की पावणं," तो म्हणाला. "म्हस माझ्या गाडीमागं येईना झालीया."