‘खुब्यातला पू गोळ्यांनीच जिरतो’: दोन अभ्यासांचं शेपूट धरून केलेला दावा

सध्या एक मजकूर हातोहात फिरतोय. त्यातले मुद्दे थोडक्यात असे: मोठ्या माणसाच्या खुब्याच्या सांध्यात जंतुसंसर्ग झाला तरी ऑपरेशन लागत नाही. ‘नव्या संशोधनानुसार’ अँटिबायोटिक गोळ्यांचा दोन आठवड्यांचा कोर्स पुरतो. ताप नसेल आणि एक्स-रे चांगला असेल तर संसर्ग नाहीच, तो वात समजा आणि शेक-मालिश करा. कृत्रिम सांधा बसवला असेल तर चिंताच नको, धातूला जंतू लागत नाहीत.

ही निव्वळ थाप असती तर सोडून दिलं असतं. पण लिहिणाऱ्याने काहीतरी खरं वाचलंय आणि अर्धंच वाचलंय. म्हणून हा मजकूर जास्त घातक आहे.

‘ताप नाही म्हणजे संसर्ग नाही.’ सांध्याच्या जंतुसंसर्गावरच्या अभ्यासांचा एक आढावा 2007 साली प्रसिद्ध झाला. त्यात ताप आढळला 57 टक्के रुग्णांत, आणि हुडहुडी भरली होती फक्त 19 टक्क्यांना. ज्यांना हा आजार जास्त गाठतो, म्हणजे वयस्कर, मधुमेही, डायलिसिसवर असलेले, आमवातासाठी प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेणारे, त्यांच्यातच ताप दबून राहण्याची शक्यताही जास्त. वर खुबा स्नायूंखाली खोल गाडलेला. गुडघ्यात पू झाला तर तो सुजतो, लाल होतो, हाताला गरम लागतो. खुब्यात बाहेरून बहुधा काहीच दिसत नाही. दुखणं जांघेत असतं, कधी मांडीत, आणि कधी तर रुग्ण गुडघाच दाखवतो.

पाहायचं ते पाय कसा ठेवलाय ते. रुग्ण पाय किंचित दुमडून, बाहेरच्या अंगाला कलता सोडून पडलेला असतो, कारण त्या स्थितीत सांध्याच्या आवरणात जागा सर्वांत जास्त असते आणि ताण कमी बसतो. डॉक्टर मांडी न उचलता, पाय गादीवरच हलकेच आतबाहेर लोटतात. एरवी कोणाच्या खिजगणतीत नसलेली ही हालचाल, पण सांध्यात पू असेल तर माणूस डॉक्टरांचा हात धरतो. दोनचार दिवसांत वाढत गेलेलं दुखणं, पायावर भार देता न येणं आणि ही खूण एवढं असेल, तर थर्मामीटर काय म्हणतो याची वाट पाहू नये.

‘एक्स-रे चांगला आहे.’ असणारच. पहिल्या दिवसांत हाडाला काही झालेलं नसतं आणि कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत मऊ आवरण, एक्स-रेत दिसत नाही. हाडांमधली फट अरुंद झालेली दिसते तेव्हा कूर्चा झिजून गेलेली असते. सांध्यात पाणी साचलंय का हे सोनोग्राफीत कळतं. शेजारचं हाड किंवा पोटामागचा सोअस स्नायू गुंतलाय का हे एमआरआयमध्ये. पण निकाल देते ती सुई. सोनोग्राफीत बघत सांध्यातला द्रव काढायचा, पांढऱ्या पेशी मोजायच्या, कल्चरला लावायचा, म्हणजे त्यातले जंतू वाढवून ओळखायचे. एका मायक्रोलिटरमध्ये 50,000 च्या वर पेशी असतील तर संशय दाट होतो; कमी असतील तर सुटका झाली असं नाही. काचपट्टीवर रंगवून पाहिलेल्या नमुन्यात जंतू न दिसणंही नेहमीचंच. गाऊटचे स्फटिक सापडले म्हणून संसर्ग नाही असंही नव्हे. दोन्ही एकत्र नांदू शकतात.

‘ऑपरेशनची गरज नाही.’ अँटिबायोटिक रक्तातून सांध्यात पोचतं का? पोचतं, आणि चांगलं पोचतं. तरीही पू आत ठेवून चालत नाही, आणि हे त्या मजकुरात कुठेच नाही. जंतूंना मारायला आलेल्या पांढऱ्या पेशी फुटतात तेव्हा त्यांच्यातली विकरं (एन्झाइम) बाहेर पडतात आणि कूर्चाच पचवायला लागतात. जंतू मेले तरी हे काम लगेच थांबत नाही. प्रौढाची कूर्चा पुन्हा जशीच्या तशी भरून येत नाही, आणि नुकसान काही दिवसांतच होतं.

दुसरी अडचण खास खुब्याची. मांडीच्या हाडाच्या गोलाला, लोक ज्याला ‘बॉल’ म्हणतात त्याला, रक्त पुरवणाऱ्या मुख्य वाहिन्या हाडाच्या मानेला चिकटून सांध्याच्या आवरणाच्या आतून वर जातात. बंद आवरणात पू साठत गेला की दाब वाढतो, वाहिन्या दबतात आणि बॉल मरू शकतो. म्हणून पू बाहेर काढणं हा उपचाराचा पहिला भाग आहे. दुर्बिणीतून किंवा सांधा उघडून, भरपूर सलाइनने तो धुतला जातो. पू पुन्हा साठला तर पुन्हा धुवावा लागतो. गुडघ्यातून सुईने रोज द्रव काढता येतो, खुब्यात ते अवघड. काही निवडक रुग्णांत, आजार अगदी लवकर पकडला असेल तर, सोनोग्राफीच्या मदतीने वारंवार सुई घालून काम भागवलं जातं. पण तिथेही पू काढलाच जातो. गोनोरिया या लैंगिक संबंधातून पसरणाऱ्या आजाराच्या जंतूने झालेला संधिदाह मात्र बऱ्याचदा औषधांनीच बरा होतो. अपवाद आहे तो हा.

‘संशोधन सांगतं, गोळ्या पुरतात, तेही दोन आठवडे.’ इथे दोन अभ्यासांची गल्लत झालेली दिसते. पहिला ब्रिटनमधला ओव्हिवा, 2019 साली प्रसिद्ध झालेला. हाडा-सांध्यांचा संसर्ग असलेले 1,054 प्रौढ. पहिले सहा आठवडे निम्म्यांना शिरेतून औषध, निम्म्यांना तोंडाने. वर्षभरात उपचार फसण्याचं प्रमाण अनुक्रमे 14.6 आणि 13.2 टक्के, म्हणजे गोळ्या कुठे कमी पडल्या नाहीत. महिनाभर हाताला नळी लावून ठेवण्याची जुनी सक्ती यामुळे सैल झाली, आणि ते उत्तमच झालं. पण यातल्या बहुतेकांची शस्त्रक्रिया आधी झालेली होती, आणि गोळी तज्ज्ञांनी निवडलेली होती. शस्त्रक्रियेऐवजी गोळी असा प्रश्न त्या अभ्यासाने विचारलेलाच नाही.

दुसरा जिनिव्हातला, तोही 2019 चाच. पू काढल्यानंतर दोन आठवडे औषध पुरतं की चार, एवढंच त्यात पाहिलं. दोन पुरले. पण 154 पैकी 99 सांधे हाताचे आणि मनगटाचे होते. तो निष्कर्ष खुब्याला जसाच्या तसा लावता येत नाही. खुब्याला साधारण चार आठवडे धरतात, हाडात शिरकाव झाला असेल तर सहा किंवा जास्त. रक्तात स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जंतू सापडला तर हृदयाच्या झडपाही तपासाव्या लागतात.

आणि गोळी सुईच्या आधी घेतली तर? दुखणं थोडं उतरतं, कल्चरमध्ये काही उगवत नाही, आणि पुढचे उपचार अंदाजाने करावे लागतात. क्षयाचा खुबा असेल तर आणखी पंचाईत. तो महिनोन्‌महिने हळूहळू दुखतो, आणि लेव्होफ्लॉक्सासिनसारखी गोळी त्याला काही काळ दाबून ठेवते, बरा करत नाही. संसर्ग अंगभर भिनून रुग्णाचा रक्तदाब आणि भान ढासळलेलं असेल, म्हणजे सेप्सिस असेल, तर मात्र डॉक्टर रक्ताचा नमुना घेऊन लगेच औषध सुरू करतात. तो निर्णय रुग्णालयातला, घरातल्या गोळ्यांच्या डब्यासमोरचा नव्हे.

शेक-मालिशबद्दल एवढंच: पुवाने ताणलेला सांधा चोळून रुग्णाला फक्त यातना होतात, आणि दिवस जातात.

‘धातूला जंतू लागत नाहीत.’ नेमकं उलट. धातू आणि प्लॅस्टिकवर जंतू चिकट थर करून राहतात, आणि त्या थरात अँटिबायोटिक फारसं चालत नाही. लक्षणं सुरू होऊन तीनेक आठवड्यांच्या आत रुग्ण पोचला आणि सांधा हाडात घट्ट असेल, तर सांधा ठेवून, आतलं सगळं साफ करून, बदलता येणारे भाग बदलून तो वाचवायचा प्रयत्न होतो. उशीर झाला तर बहुधा सांधाच काढून बदलावा लागतो, एका टप्प्यात किंवा दोन. इथे औषध लांबवावं लागतं: 2021 च्या फ्रान्समधल्या अभ्यासात सहा आठवडे औषध घेतलेल्यांपैकी 18.1 टक्क्यांत संसर्ग टिकून राहिला, बारा आठवडेवाल्यांत 9.4 टक्के. त्या चिकट थरातल्या स्टॅफिलोकॉकसवर रिफाम्पिसिन हे अँटिबायोटिक चालतं, पण ते एकटं कधीच देत नाहीत, कारण जंतू त्याला झटकन सरावतात. हे काहीच साधलं नाही तर शेवटी गर्डलस्टोन शस्त्रक्रिया उरते: सांधा काढून जागा तशीच मोकळी सोडायची. संसर्ग बहुधा आटोक्यात येतो. पाय आखूड होतो आणि चालायला काठी लागते.