काचेचा पोटोबा

रिकामी फुलदाणी खपून जाते. रिकामी टोपली तर शोभतेसुद्धा. पण शोभेचा काचेचा बाऊल रिकामा असला, की येणारा-जाणारा आत वाकून बघतो आणि मग माझ्याकडे बघतो, जणू मी त्याला उपाशी ठेवलाय. मातीच्या भांड्याची झाकली मूठ असते. काच सगळं चव्हाट्यावर मांडते.

जास्त खर्च करायचा नाही, एवढं नक्की होतं. मी गोट्या सुचवल्या. नवऱ्याने लगेच कागद-पेन्सिल ओढली. घरखर्चाचा हिशेब म्हटला की याला झोप येते, पण घनफळ म्हटलं की अंगात संचारतं.

"हे बघ, ३० सेंटिमीटर तोंडाचा अर्धगोल, म्हणजे साधारण ७ लिटर. गोट्या कशाही ओतल्या तरी तिसऱ्या हिश्श्याहून जास्त जागा हवाच खाते. तरी १६ मिलिमीटरच्या गोट्या दोन हजारांवर लागतील. वजन अकरा किलो. टेबलाचे पाय बघितलेस का?"

बघितले. गोट्या बाद.

मग फुकटाकडे वळले. वाळलेली पानं लवकरच भुगा झाली. शिंपले फार सुंदर दिसत होते, फक्त त्यातल्या एकाचा मालक अजून आतच होता, आणि हे आधी नाकाला कळलं. शिंपले साबणाच्या पाण्यात घासून, कडकडीत वाळवूनच घरात घ्यावेत.

पाण्याइतकं स्वस्त काय असणार? वर दोन तरंगत्या मेणबत्त्या सोडल्या. संध्याकाळी देखणं दिसलं, मान्य. दुपारी मात्र खिडकीतून ऊन आलं आणि टेबलक्लॉथवर एक लख्ख ठिपका हळूहळू सरकू लागला. बोट ठेवलं तर चटका! पाण्याने भरलेली गोल काच भिंगासारखी ऊन एकवटते, अशाने घरांना आगी लागल्या आहेत. बाऊल सावलीत हलवला, तर तिथे डासांनी संसार थाटायची तयारी केली. शिवाय पाणी आटत गेलं तशी काचेवर पांढरी रेघ उमटली. ती व्हिनेगरने गेली, माझा उत्साह काही परत आला नाही.

शेवटी जुन्या बटणांचा डबा आठवला. कोट गेले, फ्रॉक गेले, बटणं तेवढी उरली होती. ती बाऊलच्या तळाशी जेमतेम पसरली. तेव्हा मधोमध एक रिकामी बरणी पालथी घातली, तिला बटणांच्याच रंगाचा कागद गुंडाळला आणि बरणी व काच यांच्यामधल्या फटीत बटणं सोडली. वरून मूठभर बटणांचा थर. बाऊल काठोकाठ भरल्यासारखा दिसू लागला. नुसती शुद्ध फसवणूक, पण पाहुणे वाकून बघतात आणि "वा!" म्हणतात.

अडचण एकच आली. नवऱ्याच्या आवडत्या शर्टाच्या बाहीचं बटण तुटून हरवलं. तसंच दुसरं बटण बाऊलमध्ये आहे. काचेतून स्वच्छ दिसतं, अगदी तळाशी, भिंतीला टेकून.

"काढू का गं?" त्याने विचारलं.

"काढ की. मग सगळं होतं तसं परत तूच रचायचं."

सध्या तो त्या शर्टाच्या बाह्या दुमडून घालतो.