‘मेडल नोंदवा, पेन्शन वाढवा’: फिरणाऱ्या मजकुरात खरं किती?

गेला महिनाभर माजी सैनिकांच्या ग्रुपवर एकच मजकूर फिरतोय. मला तो अकरा जणांनी पाठवला. दोघांनी “बाबू, हे खरं का?” असं विचारलं, बाकीच्यांनी विचारायच्या आधीच पुढे ढकलला. मजकूर थोडक्यात असा: ‘डिस्चार्ज बुकात (फौजेतून सुटताना मिळणाऱ्या सेवापुस्तिकेत) मेडलची नोंद राहिली असेल तर दरमहा पेन्शनचं नुकसान होतंय. ६५ आणि ७१ ला नोकरीत असलेल्या प्रत्येकाला लढाईची सगळी मेडलं मिळालीच पाहिजेत. २५ वर्षांनी रेकॉर्ड जाळतात, म्हणून जुन्या लोकांची नोंद आता प्रतिज्ञापत्रावर होते आणि ती जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय करतं. सैनिक वारला असेल तर हक्क संपला. फॉर्म भरून हवा असेल तर खालच्या नंबरवर १,५०० रुपये पाठवा.’

मी पायदळात क्लार्क होतो. पार्ट टू ऑर्डर, म्हणजे जवानांच्या नोंदींचे हुकूम, टाइप करण्यात उमेदीची वर्षं गेली. आता गावात लोक प्लॅस्टिकच्या पिशवीत डिस्चार्ज बुक घेऊन ओट्यावर येतात. या मजकुराचा राग येतो तो त्यात एक गोष्ट खरी आहे म्हणून. नोंदी राहतात, भरपूर राहतात, आणि त्या दुरुस्तही होतात. त्या एका खऱ्याच्या आधारावर बाकीचं खोटं खपवलंय.

आधी पैशाचं, कारण सगळे त्यासाठीच वाचतात. पेन्शन हुद्दा, ग्रुप (म्हणजे कामाच्या प्रकारानुसार पडलेला वर्ग) आणि नोकरीची वर्षं यांवर ठरते. समर सेवा स्टार, पश्चिमी स्टार, सैन्य सेवा मेडल, स्वातंत्र्याच्या वर्धापनाची मेडलं, यांपैकी एकानेही पेन्शनमध्ये रुपयाची भर पडत नाही. मासिक भत्ता आहे तो शौर्यपदकांना. १ ऑगस्ट २०१७ पासून परमवीर चक्राला महिना २०,०००, वीर चक्राला ७,०००, शौर्यासाठी मिळालेल्या सेना मेडलला २,०००. हाही भत्ता पेन्शनहून वेगळा. छातीवर सहा फिती असलेला सुभेदार आणि तीन फिती असलेला सुभेदार, बाकी सगळं सारखं असेल तर दोघांची पेन्शन पैशापैशाने सारखी.

इथे एक नाजूक गोष्ट बोलायला हवी. “आमच्या वडिलांचं नाव वीर चक्रासाठी गेलं होतं, पण रेकॉर्डला आलं नाही, दुरुस्ती करून द्या,” असं सांगत बरेच घरचे लोक येतात. शौर्यपदक भारताच्या राजपत्रात जाहीर होतं. राजपत्रात नाव आहे आणि डिस्चार्ज बुकात नाही, तर ती नोंदीची चूक; सुधारता येते. राजपत्रात नावच नसेल तर शिफारस गेली होती आणि ती मंजूर झाली नाही, इतकाच अर्थ निघतो. वर गेलेली शिफारस म्हणजे मिळालेलं पदक नव्हे. हे एखाद्या मुलाला तोंडावर सांगणं जड जातं, पण खोट्या आशेवर त्याला पाच वर्षं अर्ज लिहायला लावणं त्याहून वाईट.

आता ‘प्रत्येकाला सगळी मेडलं’. लढाईचं मेडल वर्ष बघून देत नाहीत. त्या तारखेला तुम्ही कुठे होता, हे बघून देतात. १९७१ ची लढाई पंधरवडाभराची, ३ डिसेंबरला सुरू झाली आणि पश्चिमेला १७ तारखेला थांबली. पूर्व आघाडीच्या युद्धक्षेत्रात असलेल्याला पूर्वी स्टार, पश्चिमेच्या युद्धक्षेत्रात असलेल्याला पश्चिमी स्टार. संग्राम मेडल त्या दोन्हींहून व्यापक. तेव्हा बेळगावच्या सेंटरमध्ये कवायत करणाऱ्या रंगरुटाला दोन्ही स्टार कुठून मिळणार? दोन्ही आघाड्यांची मेडलं मागणारा अर्ज बघितला की रेकॉर्ड ऑफिसातला, म्हणजे रेजिमेंटच्या नोंदी ठेवणाऱ्या कचेरीतला, क्लार्क पुढचं वाचतच नाही. मीही वाचलं नसतं.

१९६५ मध्येही तसंच. समर सेवा स्टार युद्धक्षेत्रातल्यांना. रक्षा मेडल जास्त जणांना, पण त्यालाही अट आहे: ५ ऑगस्ट १९६५ ला नोकरीत असायला हवं आणि त्या दिवशी १८० दिवस पुरे झालेले हवेत. म्हणजे त्या वर्षीच्या फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत भरती झालेला बसतो, मार्चमधला बसत नाही.

आणखी एक घोळ आपल्या भागात हमखास होतो. गोवा मुक्तीच्या कारवाईचं नाव ‘ऑपरेशन विजय’. कारगिलच्या कारवाईचंही नाव तेच. त्यामुळे डिसेंबर १९६१ ला गोव्यात गेलेल्या जवानांचे नातू ‘ऑपरेशन विजय मेडल’ मागतात. ते मेडल कारगिलचं, १९९९ चं. गोव्यात गेलेल्याला जनरल सर्व्हिस मेडल १९४७ आणि त्याच्या फितीवर ‘गोवा १९६१’ अशी धातूची पट्टी, जिला आम्ही क्लॅस्प म्हणतो. अर्जात मेडलचं नाव चुकलं की उत्तर येतं ‘पात्र नाही’. आजोबा पात्र असतात, चुकलेलं असतं ते अर्जातलं नाव.

२५ वर्षांनी रेकॉर्ड नष्ट करतात, हे निम्मं खरं. ज्यांना पेन्शन नाही, म्हणजे जे मध्येच नोकरी सोडून आले, त्यांची सेवेची कागदपत्रं नोकरी सुटल्यावर २५ वर्षांनी काढून टाकतात. तरीही लाँग रोल नावाची नोंदवही राहते. त्यात माणसाची थोडक्यात नोंद असते. पेन्शनवाल्याला ही २५ वर्षांची मुदत लागूच नाही, त्यामुळे ‘मुदत संपतेय, घाई करा’ हा धाक त्याने मनावर घेऊ नये.

आता कामाचं. नोंद राहते कुठे? फौजेत माणसाच्या आयुष्यात काहीही घडलं, लग्न, मूल, कोर्स, बढती, मेडल, की पलटण पार्ट टू ऑर्डर काढते. ती रेकॉर्ड ऑफिसला जाते, तिथे त्याच्या शीट रोलवर, म्हणजे सेवेच्या मूळ नोंदपत्रावर, चढते, आणि घरी येताना शीट रोलवरून डिस्चार्ज बुक भरतात. तीन पायऱ्या, तिन्हींवर हाताने काम. शीट रोलवर मेडल आहे आणि बुकात नाही, तर नुसती उतरवताना झालेली चूक. ऑर्डर निघाली पण शीट रोलवर चढली नाही, तर ऑर्डरचा नंबर आणि तारीख सापडली की काम झालं. ऑर्डरच निघाली नसेल तर खरी मेहनत, कारण पलटण त्या तारखेला कुठे होती आणि हा माणूस तिच्याबरोबर होता की रजेवर, कोर्सवर, इस्पितळात, हे जुळवावं लागतं.

घोळाच्या ठरलेल्या जागा आहेत. नायब सुभेदार झाला की नंबर बदलून ‘जेसी’ने सुरू होणारा नवा नंबर मिळतो, जवान असतानाची मेडलं जुन्या नंबरावर पडून राहतात. पहिली नोकरी संपवून डीएससीत (डिफेन्स सिक्युरिटी कोअरमध्ये) गेलेल्याचं दुसरं रेकॉर्ड केरळात कण्णूरला, पहिलं मूळ रेजिमेंटकडे. नावांची तर गंमतच. ‘पांडुरंग’चं इंग्रजीत दोन तुकडे होऊन ‘पांडू रंग’ झालेलं मी किती वेळा बघितलंय. म्हणून अर्जात नावाच्या आधी नंबर लिहा, जितके नंबर असतील तितके सगळे.

हे सगळं जुळवणं सैनिक कल्याण कार्यालयाच्या हातात नाही. ते अर्ज तपासून पुढे पाठवतात, शिक्का देतात, चांगला कल्याण संघटक असेल तर पाठपुरावाही करतात. शीट रोलवर अक्षर लिहायचा अधिकार त्यांना नाही. तो तुमच्या रेकॉर्ड ऑफिसचा. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं बेळगावला, महारचं सागरला, तोफखान्याचं नाशिक रोडला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला, रणगाडेवाल्यांचं नगरला, गार्ड्सचं कामठीला. नौदलाच्या खलाशांचं मुंबईत मानखुर्दला, हवाई दलाच्या एअरमनचं दिल्लीत सुब्रोतो पार्कला. प्रतिज्ञापत्र हरकत नाही, पण त्याने पुरावा तयार होत नाही. मी कारगिलला होतो, असं शंभराच्या स्टॅम्पवर लिहिलं तरी पलटणीचा मुक्काम हलत नाही. त्यापेक्षा स्वतःच्या शीट रोलची प्रत मागा. साध्या अर्जाने मिळाली नाही तर माहिती अधिकारात १० रुपयांची पोस्टल ऑर्डर लावा, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. तिथे १,५०० चा प्रश्नच येत नाही.

हरवलेलं मेडल आणि कधीच न मिळालेलं मेडल यांचे अर्जही वेगळे. पहिल्यात नोंद असते, वस्तू नसते. आणि दुकानातून आणलेलं मेडल तर लगेच ओळखू येतं: सरकारी मेडलच्या कडेवर नंबर, हुद्दा आणि नाव कोरलेलं असतं, दुकानातल्याची कड कोरी. अर्थात मेडल यायला इतकी वर्षं लागतात की नोकरीतले जवानसुद्धा परेडला कोरीच लावून उभे राहतात, त्यात लाज नाही.

सैनिक हयात नसेल तर हक्क संपतो, हे साफ खोटं. वीरपत्नी असो की साधी पेन्शनवाली, पत्नी अर्ज करू शकते. ती नसेल तर जवळचा वारस.

ओट्यावर आलेले शेवटचे आबा याच मजकुरामुळे आले होते. भरती मार्च १९६५, नाईक म्हणून १९८० ला पेन्शनवर. रक्षा मेडल बुडवलं म्हणून तावातावाने आले.

“आबा, पाच ऑगस्टला तुमचे १८० दिवस भरत नाहीत,” मी म्हणालो.

“मग मी काय तवा फौजेत नव्हतो?”

“होता. पण बसत नाही.”

ते गप्प झाले. मी बुक चाळत राहिलो. मेडलच्या पानावर एक ओळ नव्हती, आणि तिच्याकडे त्यांचं लक्षच गेलं नव्हतं. १५ ऑगस्ट १९७२ ला नोकरीत असलेल्यांना स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्धापनाचं मेडल आहे. त्यासाठी युद्धक्षेत्र लागत नाही, त्या दिवशी फौजेत असणं पुरतं. आबा त्या दिवशी फौजेत होते, हे त्यांच्याच बुकात लिहिलेलं होतं. अर्ज चार ओळींचा झाला. चार महिन्यांनी पत्र आलं: नोंद घेतली, मेडल उपलब्ध झाल्यावर पाठवू.

मेडल अजून आलेलं नाही. पत्र कुठे ठेवायचं, असं आबांनी विचारलं. मी ते मेडलच्या पानाला टाचणीने लावून दिलं आणि एक झेरॉक्स माझ्याकडे ठेवून घेतली.