टायफॉइडची लस आणि वारीतलं पाणी : एक खुलासा

दिंडीच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय : ‘निघायच्या आदल्या दिवशी टायफॉइडची सुई घ्या, मग वाटेत कुठलंही पाणी बिनधास्त प्या. फार तर तुरटी फिरवा.’ हे चुकीचं आहे.

लस जरूर घ्यावी, पण तिचा परिणाम आदल्या दिवशी सुरू होत नाही. अमेरिकेची सीडीसी ही आरोग्यसंस्था प्रवासाच्या किमान दोन आठवडे आधी इंजेक्शन घ्यायला सांगते, आणि लशीनंतरही खाण्यापिण्याची काळजी घ्याच, असं बजावते. कारण संरक्षण शंभर टक्के नसतं. कॉलरा, कावीळ, जुलाब यांवर तर या लशीचा काहीच उपयोग नाही.

तुरटीचं नीट समजून घ्या. ती गाळ तळाशी बसवते. वरचं पाणी काचेसारखं नितळ दिसतं, पण जंतू त्यात असू शकतात. पाणी खळखळून उकळा. ते जमत नसेल तर आधी गाळा, मग क्लोरीनच्या गोळ्या पाकिटावर लिहिल्याप्रमाणे टाका आणि अर्धा तास थांबा. उसाच्या रसातला बर्फ टाळा, गोठल्याने जंतू मरत नाहीत. चहा, गरम भात-आमटी, स्वतः सोललेलं केळं खुशाल घ्या.

आणखी एक. हा ताप बहुधा एक ते तीन आठवड्यांनी येतो, म्हणजे पंढरपूरहून घरी परतल्यावरसुद्धा. ताप उतरत नसेल तर डॉक्टरांना वारीचं आवर्जून सांगा.

माऊली, तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. ज्यांना पाठवलाय त्यांना हा खुलासा पाठवा.