गोळ्या बंद करून सुटका? फिरणाऱ्या संदेशाबद्दल खुलासा

'नैराश्य म्हणजे दुष्टात्म्याचे बंधन. गोळ्या थांबवा, देणगी भरा आणि सुटकेची प्रार्थना करून घ्या' असा संदेश सध्या फिरतो आहे. तो ख्रिस्ती शिकवणीला धरून नाही. बायबलमधल्या मत्तय ४:२४ मध्ये भूतग्रस्त, फेपरेकरी (अपस्माराचे रुग्ण) आणि पक्षाघाती यांची वेगवेगळी नोंद आहे. कॅथलिक चर्चमध्ये तर भूत काढण्याचा विधी बिशपच्या खास परवानगीशिवाय करताच येत नाही (१९८३ ची धर्मसंहिता, नियम ११७२), आणि त्याआधी आजाराची शक्यता तपासावी लागते. बायबलमधल्याच योहान ८ व्या अध्यायातले बंधन पापाच्या गुलामीचे आहे. त्यातून पुत्र (म्हणजे तो स्वतः) मुक्त करतो, असे येशू म्हणतो. राहिली देणगी. फुकट मिळाले ते फुकट द्या, ही आज्ञा मत्तय १०:८ मध्ये शिष्यांनाच आहे; दरपत्रक आले कुठून? प्रार्थना जरूर करा, पण डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळ्या बंद करू नका.