व्हिटॅमिन सीच्या पाण्यानं कांडी सुधारत नाही

उन्हाळा लागला की पशुपालकांच्या मोबाइलवर कृत्रिम रेतनाच्या कांडीबद्दल, म्हणजे गोठवलेलं वीर्य भरलेल्या बारीक नळीबद्दल, एक सल्ला फिरू लागतो: 'रेतनाची कांडी वितळवायच्या पाण्यात व्हिटॅमिन सीची गोळी टाका. मेलेले शुक्राणू ताजे होतात, म्हैस उलटत नाही (पुन्हा माजावर येत नाही). संशोधनात सिद्ध झालंय.'

मुळात ते पाणी कांडीत शिरतच नाही. 0.25 मिलीच्या कांडीचं एक टोक कापसाच्या दोन बोळ्यांमधल्या भुकटीनं बंद असतं. वीर्य लागताच ती भुकटी फुगून घट्ट बसते. दुसरं टोक यंत्रानं सील केलेलं असतं. कांडी न पुसता कापली तरच थेंबभर पाणी आत जाईल, आणि ते घातकच. शुक्राणू पाणी शोषून फुगतात, शेपट्या वळतात. मेलेला शुक्राणू तर कशानंच परत येत नाही.

संशोधनाचं म्हणणं अर्धं खरं आहे, म्हणूनच लोक फसतात. व्हिटॅमिन ई, ग्लुटाथायोन, टॉरिन यांचे प्रयोग झालेत, पण गोठवण्याआधी, प्रयोगशाळेत, विरलकात (वीर्य पातळ करायच्या द्रावणात) मिसळून. रेड्याच्या शुक्राणूच्या पटलात, म्हणजे बाहेरच्या पातळ आवरणात, असंतृप्त मेदाम्लं बरीच असतात. थंड करताना आणि वितळताना ऑक्सिजनचे उग्र रेणू त्यांवर तुटून पडतात. वीर्यद्रवातलं नैसर्गिक संरक्षण विरलकामुळं पातळ झालेलं असतं, म्हणून तिथं भर घालायला अर्थ आहे. कांडी ज्या द्रव नायट्रोजनमध्ये ठेवतात, तिथं उणे 196 अंशांवर मात्र रासायनिक क्रिया जवळपास थांबलेल्या असतात.

'जास्त टाकलं तर काय बिघडतं?' बरंच बिघडतं. हेच उग्र रेणू थोड्या प्रमाणात लागतात. त्यांच्याशिवाय शुक्राणूला फलनक्षमता येत नाही. व्हिटॅमिन सी आम्ल आहे, सामू उतरला की हालचाल मंदावते. लोहाचा अंश असला तर तेच ऑक्सिडेशन वाढवतं.

नागपूरच्या मे महिन्यात कांडी बिघडते ती वेगळ्याच ठिकाणी. गच्चीवरच्या टाकीचं पाणी तापलेलं असतं. ते थर्मामीटर न लावता वापरलं की संपलं. पाणी 37 अंश, वेळ 30 सेकंद, यात अंदाज चालत नाही. कॅनिस्टर (कांड्या ठेवायचं उभं भांडं) नायट्रोजनच्या कंटेनरच्या मानेखालीच ठेवून चिमट्यानं कांडी काही सेकंदांत उचला. शोधत बसलात तर उरलेल्या कांड्या उणे 130 च्या वर जातात, बर्फाचे स्फटिक मोठे होतात आणि पटलं फाटतात. परत बुडवल्यानं ती जुळत नाहीत. नायट्रोजनची पातळी लाकडी पट्टी बुडवून तिच्यावर धरलेल्या पांढऱ्या बर्फाच्या थरानं मोजा, उन्हाळ्यात जास्त वेळा. कांडी कोरडी पुसा, सीलचं टोक काटकोनात कापा, कांडी भरलेली रेतनाची गन उन्हात धरू नका.

शिवाय उन्हाळ्यात म्हशीचा माज बहुधा मुका, म्हणजे लक्षणं ठळक नसलेला, असतो आणि रात्री-पहाटे दिसतो. सोट (योनीतून येणारा चिकट स्राव) आणि वारंवार लघवी पाहायला गोठ्यात पहाटे एक चक्कर मारा. पहाटे माज दिसला तर रेतन संध्याकाळी करा.